दुसऱ्यांचे पीक सांभाळणारे शहर : सांगलीतील चार दिवस

माझे वडील 1974 ते 1977 अशी तीन वर्षे सांगलीत एका बँकेच्या शाखेत नोकरीला होते. त्या वर्षांविषयी ते घरी फारसे बोलत नसत. मात्र आई बाजारातून हळदीची पुडी घेऊन आली की ती नाकाशी धरून "ही सांगलीची नव्हे" एवढे हमखास म्हणत. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, नवी हळद बाजारात येण्याच्या दिवसांत, मी त्यांना घेऊन सांगलीला जाऊन आले. प्रवासाला निघताना माझी समजूत अशी होती की सांगलीभोवती हळद पिकते म्हणून सांगली हळदीसाठी प्रसिद्ध आहे. ही समजूत अर्धवट होती, हे चार दिवसांत हळूहळू कळले.

शनिवार : गावभाग, गणपती आणि आयर्विन पूल

मिरज जंक्शनला उतरून रिक्षाने सांगलीकडे निघालो. पूर्वी दोन गावांच्या मध्ये शेते होती, असे बाबा सांगत होते. आता मिरज कोठे संपते आणि विश्रामबाग कोठे सुरू होते ते पाटी वाचूनच समजते. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एकच महानगरपालिका झाली, तेव्हापासून कागदावरही ही सीमा उरलेली नाही.

खरे पाहता या दोन गावांचा इतिहास एका भांडणातून वेगळा झाला आहे. पटवर्धनांची जहागीर मुळात मिरजेची. मिरजेला भक्कम किल्ला होता, जुनी पेठ होती, मीरासाहेबांचा दर्गा होता. चुलते गंगाधरराव यांच्याशी न पटल्यामुळे तरुण चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन 1801 मध्ये आपला वाटा घेऊन बाहेर पडले आणि कृष्णेच्या काठच्या सांगली नावाच्या लहानशा खेड्यात त्यांनी राजधानी केली. सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली, अशी व्युत्पत्ती येथे प्रत्येक जण सांगतो. ती खरी असो वा नसो, गाव केवढे होते याचा अंदाज तीवरून येतो. अप्पासाहेबांनी गणेशदुर्ग बांधला, गणपतीचे देऊळ उभारले आणि पेठा वसवल्या. राजधानीला किल्ला लागतो तसा बाजारही लागतो. किल्ल्याची गरज पुढे काही वर्षांत संपली, बाजाराची मात्र वाढतच गेली.

संध्याकाळी गावभागातून चालत गणपती मंदिरात गेलो. काळ्या दगडातील हे देऊळ पुरे व्हायला कित्येक वर्षे लागली. संकष्टी किंवा मंगळवार नसल्याने गर्दी बेताची होती, दगड दिवसभर तापलेले आणि तरीही नदीकडून येणारा वारा गार. बाबा सभामंडपात बराच वेळ बसून राहिले. मी मात्र बाहेरच्या गल्लीतील घरांच्या भिंती पाहत होते. काही भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर, सरळ रेषेत, रंग पालटलेला दिसतो. खाली फिकट, वर मूळचा. हा 2019 च्या पुराचा काठ. एका घराच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या आजींना मी विचारले तेव्हा त्यांनी हातातले सूप खाली न ठेवता, "ही एकोणीसची. पाचची तिच्या खाली होती, रंग दिल्यावर गेली," असे सांगितले. तारखेऐवजी नुसते पाच, एकोणीस, एकवीस असे आकडे म्हणण्याची ही रीत पुढे चारही दिवस ऐकू आली.

आयर्विन पुलावर दिवेलागणीला पोहोचलो. 1929 साली बांधलेला हा पूल व्हाइसरॉय आयर्विन यांच्या नावाचा आहे आणि कृष्णेची पातळी येथेच मोजतात. 40 फूट ही इशाऱ्याची पातळी, 45 फूट ही धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. आम्ही पाहिले तेव्हा नदी इतकी खाली होती की घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांवर पोरे क्रिकेट खेळत होती, आणि या दृश्यावरून त्या आकड्याची कल्पना करणे मला तरी जमले नाही.

रात्री भडंग घेतले. लसूण, शेंगदाणे आणि तिखट यांनी माखलेले हे चुरमुरे कांदा-कोथिंबीर घालून जागेवरच खावेत. पुडी बांधून नेलेल्या भडंगाला ती मजा नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* गावभाग पायीच पाहावा. गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षा अडकतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सांगलीचा बेत आखताना नदीच्या पातळीची बातमी अवश्य पाहावी.

रविवार : चुकलेला बेत आणि हरिपूरची पेवे

सकाळी आठ वाजता, नाश्ताही न करता, मी बाबांना घेऊन मार्केट यार्डात पोहोचले. यार्ड सामसूम होते. रखवालदार मामांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि "ताई, आज रविवार हाय," असे अत्यंत सहानुभूतीने सांगितले. सौदे सोमवारी. बाबांनी काही बोलणे टाळले, पण आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाच्या मुलीला रविवार आठवू नये याचे आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

म्हणून सोमवारचे हरिपूर रविवारी झाले आणि ते बरेच झाले, कारण आम्हाला तेथे घाई नव्हती. सांगलीपासून हरिपूरपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुनी चिंचेची झाडे आहेत. हंगाम असल्याने ठिकठिकाणी खाली चादरी अंथरून चिंच झोडण्याचे काम चालले होते आणि सगळ्या रस्त्याला आंबूस वास सुटला होता. कृष्णा आणि वारणा यांचा संगम हरिपुरात होतो. संगमेश्वराच्या देवळामागच्या घाटावरून दोन नद्यांचे पाणी काही अंतर वेगवेगळ्या रंगाचे दिसते, हे मी नुसते ऐकले होते. फेब्रुवारीत तरी दोन्हींचा रंग सारखाच दिसला. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे.

पण आम्ही आलो होतो ते पेवे पाहायला. देवळापाशी एका बाकावर बसलेल्या आजोबांना बाबांनी, "जुनी पेवे कोणीकडे होती हो?" असे विचारले. आजोबांनी उत्तर देण्याआधी बाबांना त्यांचे गाव, नोकरी, सांगलीतले वर्ष आणि शाखा असे सगळे विचारून घेतले आणि मग काठी उचलून आमच्यापुढे चालू लागले. तरुणपणी ते पेवांवर हमाली करत होते.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले, सुरईच्या आकाराचे कोठार. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढे, पोट मात्र ऐसपैस, खोली पंधरा-वीस फुटांची. हरिपूर आणि सांगलीवाडी येथील माती चिवट आहे. खणल्यावर कडा ढासळत नाहीत आणि ओल आत झिरपत नाही, म्हणून विटा-चुन्याचे अस्तर करावे लागत नसे. तळाशी आणि कडेने वाळलेले गवत व पाला यांचा जाड थर द्यायचा, आत दीड-दोनशे पोत्यांची हळद ओतायची, वर पुन्हा पाला घालून तोंड मातीने लिंपायचे. हवा कोंडली की आतला प्राणवायू संपतो आणि कीड जगू शकत नाही. अशी हळद कित्येक वर्षे राहत असे. रंग उलट चढतो, असा आजोबांचा ठाम दावा होता.

एका पडीक जागेत त्यांनी काठीने एक खळगा दाखवला. बाभळीचे झुडूप, प्लास्टिकच्या पिशव्या, एक फुटकी बादली आणि मध्ये ताटाएवढा खोलगट भाग. मी त्याच्या कडेला पाय ठेवणार तोच त्यांनी काठी आडवी घातली.

"तिथं नगा जाऊ, ताई. वरनं बुजलंय, खाली पोकळ असंल."

मग ते पेव उघडण्याची हकीकत सांगू लागले. "तोंड उघडलं की लगीच कुणी आत उतरायचं न्हाई. तासन्‌तास उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर वर काढायचा आन् बसायचं बिडी ओढत. जळत ऱ्हायला तर मग माणूस."

"आणि कधी चुकलं तर?" बाबांनी विचारले.

आजोबांनी नुसती मान हलवली आणि काठीने बादली बाजूला सारली.

परत येताना बाबा एकाएकी बोलायला लागले. बँकेत मालतारणाची, म्हणजे माल तारण ठेवून दिलेल्या कर्जांची, प्रकरणे त्यांच्याकडे असत. गुदामातल्या गुळाची पोती मोजता येत, शेंगांची थप्पी पाहता येई. पेवातली हळद मात्र पाहायची म्हटली तर तोंड फोडावे लागे, आणि तोंड फोडले की हवा जाऊन मालाचे नुकसान. "म्हणजे मी लिंपलेली माती पाहायची, व्यापाऱ्याचा चेहरा पाहायचा, आणि सही करायची. तीन वर्षांत एकही प्रकरण बुडाले नाही," असे सांगताना त्यांना जो अभिमान वाटत होता तो बँकेचा होता की सांगलीच्या व्यापाऱ्यांचा, हे मला ठरवता आले नाही.

ही पेवे मोडली ती मुख्यतः 2005 च्या पुराने. ज्या नदीकाठच्या मातीने हळद इतकी वर्षे कोरडी ठेवली त्याच काठावर पाणी चढले, पेवांत शिरले आणि आतला माल कुजला. तोवर शीतगृहेही आली होती. पुरानंतर बहुतेकांनी पुन्हा पेव भरण्याचा विचार सोडून दिला.

दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, खरडा आणि दही असे जेवलो. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती खरी आहे. देठापर्यंत मऊ, बी जवळजवळ नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* हरिपूरला शहरातून रिक्षा सहज मिळते. जुन्या पेवांच्या जागा खासगी आहेत व काही धोकादायक आहेत, तेव्हा गावातील जाणत्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय तिकडे फिरू नये.

सोमवार : यार्ड आणि वखारभाग

सोमवारी यार्ड ओळखू येत नव्हते. गेटपासून ट्रकांची रांग, हमालांची आरडाओरड आणि हवेत पिवळी धूळ. पाच मिनिटांत मला ठसका लागला, बाबांना मात्र काहीच झाले नाही.

अडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाच्या, दुकानासमोर पोती फोडून हळदीचे नमुने मांडलेले असतात आणि खरेदीदारांचा घोळका एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर सरकत जातो. मी एका मध्यमवयीन खरेदीदाराच्या हातांकडे पाहत राहिले. त्यांनी मूठभर हळकुंडे उचलली, तळहातावर खळखळवली, एक कानाजवळ नेऊन काडकन मोडले आणि मोडलेला भाग उन्हात धरला. नीट वाळलेल्या हळकुंडाचा आवाज कोरडा, धातूसारखा येतो. ओल राहिली असेल तर ते मोडण्याऐवजी वाकते. आतला रंग केशरीकडे झुकणारा हवा. हे सगळे तीन-चार सेकंदांत होते आणि तोवर सौदा पुकारणारा पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. पूर्वी काही मालांचे सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत, त्यात शेजाऱ्यालाही भाव कळत नसे; आता उघड बोली होते.

येथेच माझ्या समजुतीला धक्का बसला. अडत दुकानातल्या दिवाणजींना मी विचारले की ही सगळी हळद आसपासच्या गावांची का. ते हसले. राजापुरी जातीची हळद सांगली जिल्ह्यातली आणि लगतच्या भागातली असते, पण त्याशिवाय कर्नाटकातून, तेलंगणातून, मराठवाड्यातूनही माल येथे उतरतो. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी या शहराचे मोठेपण केवळ पिकवण्यात नव्हते. ते साठवण्यात, पारखण्यात आणि भाव ठरवण्यात होते. हळदीचे वायदेही, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचे आधीच ठरणारे सौदे, येथे होत. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी निघते, शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येते आणि सगळ्यांची एकाच वेळी येते. मग भाव पडतो. ज्याच्याकडे माल थांबवण्याची सोय असेल तोच भावाची वाट पाहू शकतो. हरिपूरच्या मातीने ही सोय सांगलीला जवळजवळ फुकट दिली होती. काल पाहिलेला तो बादलीचा खळगा मला तेव्हा कळला.

यार्डाला वसंतदादा पाटलांचे नाव आहे. 24 जुलै 1943 रोजी दादा सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह बाहेर पडले, पाठलाग झाला, पुराच्या कृष्णेत उड्या पडल्या, गोळीबार झाला. ही हकीकत सांगलीत रिक्षावालाही जागा दाखवून सांगतो. पण शहराच्या वाढीत त्यांचा दुसरा अध्याय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1949 मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला (सांगली हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले) आणि त्यानंतरच्या दशकात दादांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तोवर शेतकऱ्याचा या शहराशी संबंध अडत्याच्या ओट्यापुरता होता. कारखान्याने त्याला सभासद केले. या कारखान्यांचे पुढे काय झाले, हा विषय काढल्यावर दिवाणजींनी चहा मागवला आणि बोलणे हवापाण्यावर नेले. मीही आग्रह केला नाही.

दुपारी वखारभागातून फिरलो. नावातच या भागाचे काम आहे. गुजराती, मारवाडी, लिंगायत, जैन व्यापाऱ्यांच्या जुन्या वखारींपैकी काही अजून उभ्या आहेत, बऱ्याच पाडून तेथे इमारती झाल्या आहेत. एका वखारीच्या उंबऱ्याच्या लाकडात मधोमध खोल चर पडली होती. पोती ओढून ओढून पडलेली असावी. बाबांनी तीत बोट घालून पाहिले. बोटाला पिवळे काही लागले नाही, याचे त्यांना जरा वाईट वाटले.

तेथून तासगाव गाठले, पण उशीर झाला होता. सांगलीच्या पूर्वेला पाऊस एकदम कमी होतो आणि द्राक्षबागा सुरू होतात. रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीच्या शेडमध्ये थराथरांवर द्राक्षे वाळत होती. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या योजनांनी कृष्णेचे पाणी उपसून या दुष्काळी भागात नेले, त्यामुळे बेदाणाही आता सांगलीच्या बाजारात हळदीच्या पंक्तीला बसला आहे. सौद्याच्या वेळी नमुन्याचा बेदाणा उधळला जातो, ही तक्रार शेडवरच्या शेतकऱ्याने न विचारता केली. "मूठभर म्हनत्यात, पन तसं बघाया गेलं तर दिवसाचं पोतं हुतंय," असे सांगून त्याने आम्हाला मात्र दोन मुठी बेदाणा आग्रहाने दिला.

*जाणाऱ्यांसाठी :* सौद्याची वेळ व सुट्टीचे दिवस आदल्या दिवशी विचारून घ्यावेत, विशेषतः आमच्यासारख्यांनी. नाकाला रुमाल बांधावा, पांढरे कपडे घालू नयेत. हमालाच्या वाटेत उभे राहू नये. पाठीवर पोते असलेल्या माणसाला थांबता येत नाही.

मंगळवार : नाट्यपंढरी आणि मिरज

सकाळी राजवाड्याच्या परिसरात गेलो. येथील संस्थानाच्या दरबारात 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून अप्पासाहेबांनीच भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले होते. 1851 मध्ये अप्पासाहेब वारले, दरबाराचा आश्रय संपला, आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. सांगलीकर या घटनेकडे केवळ कलेचा इतिहास म्हणून पाहतात. मला यार्डातून आल्यावर त्यात बाजारही दिसू लागला होता.

दुपारी मिरजेत सतारमेकर गल्लीत तासभर गेला. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. दुकानात छताला टांगलेल्या, वाळत ठेवलेल्या त्या भोपळ्यांकडे पाहून बाबा म्हणाले, "हाही मालतारणात घेता आला असता." कारागीर काका हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने भोपळा हा माल नव्हता.

गाडीला दीड तास उशीर होता. मिरज जंक्शनच्या बाकावर शेजारी वसमतकडचे एक शेतकरी पंढरपूर-लातूरमार्गे परतीच्या गाडीची वाट पाहत होते. एप्रिल 2016 मध्ये याच मिरजेतून दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला गेली होती. तो विषय निघाला आणि तेथून हळदीवर आला. बाबांनी पिशवीतून यार्डातल्या हमालाने हातात कोंबलेले हळकुंड काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते कानाजवळ नेले, मोडले, आतला रंग पाहिला आणि एक तुकडा बाबांना परत दिला.

"चांगली वाळलीय," ते म्हणाले. "आता आमच्या हिंगोलीकडं लई पिकते हळद. पण सकाळी उठलं की मोबाईलवर पहिला भाव सांगलीचाच बघतो."

दुसरा तुकडा त्यांनी विड्याच्या पानाच्या डब्यात टाकला आणि डबा बंद केला.